प्लग कुणाच्या नावावर?

विजेवरच्या गाड्यांचा विषय निघाला की पुरुषमंडळी बॅटरी, मायलेज आणि पेट्रोलच्या भावावर बोलत सुटतात. गाडी रात्री उभी कुठे करायची, हे कुणी विचारत नाही. पेट्रोल पाच मिनिटांत भरता येतं. 30 युनिटची बॅटरी घरच्या 15 अँपिअरच्या प्लगवर चार्ज व्हायला दहाएक तास लागतात. म्हणजे हक्काचं पार्किंग हवं आणि तिथवर आपल्या मीटरची वायर हवी.

आमच्या गटातली एक मैत्रीण परिचारिका आहे. रात्रपाळीसाठी तिने कर्ज काढून अशी गाडी घेतली. वायर ओढायची परवानगी मागितली, तर सोसायटीचं उत्तर आलं, "फ्लॅट मिस्टरांच्या नावावर आहे, त्यांची सही आणा." मिस्टर तीन वर्षांपूर्वीच घर सोडून गेलेत! वीजबिल ती भरते (मेंटेनन्सही, तो घेताना सही लागत नाही). घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, असं केंद्राच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय. कमिटीने तो कागद हातातही धरला नाही.

मग ड्यूटी संपवून ती सार्वजनिक चार्जिंगला जाते. दिवा नाही, संडास नाही. काचा लावून तासभर बसायचं.

2025 च्या धोरणात राज्याने समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर या मोटारींना टोल माफ केला. तिला टोलमाफी नकोय, प्लग हवाय. राहणाऱ्या बाईच्या अर्जावर परवानगी मिळालीच पाहिजे. आणि जिथे संडास नाही, त्या चार्जिंग केंद्राला सरकारी पैसा कशासाठी?

पुढच्या महिन्यात सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. ती सभासद नाही, म्हणून तिला आत बसता येणार नाही. आम्ही दहाजणी दाराशी उभ्या राहणार आहोत.