पिक्चर आणि घरचे एक्स्टर्नल

आपल्या हॉस्टेलवर पिक्चरची चर्चा कशी होते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. "बघितलास का?" "हो." "कसाय?" "वन टाइम वॉच." झालं! त्या बिचाऱ्या दिग्दर्शकाने दोन-तीन वर्षं घासलेली असते आणि आपण तीन शब्दांत सबमिशन उरकतो. फारच अभ्यासू मुलगा असेल तर तो रेटिंग सांगतो, तेही दशांश चिन्हासकट. बघायची पद्धतही तशीच. कानात हेडफोन, पोटावर लॅपटॉप, स्पीड दीडपट, आणि कोणी दोन मिनिटं गप्प बसलेलं दिसलं की लगेच दहा सेकंद पुढे.

या दिवाळीच्या सुट्टीत मात्र मला ही चैन करता आली नाही. घरी टीव्ही एक, माणसं चार, आणि रिमोट आजीच्या उशीखाली. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला, पण पुढे-मागे करायची परवानगी नव्हती. "अरे, काय बोलत होता तो, पळवलंस का?" असा ओरडा बसायचा. त्यामुळे नाइलाजाने चार पिक्चर पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या पाटीपर्यंत, खऱ्या स्पीडने, आणि आई-बाबा-आजीच्या चालू कॉमेंटरीसकट बघितले. आणि माझं ठाम मत झालं आहे की आपण हॉस्टेलवर पिक्चर बघतच नाही, नुसते संपवतो.

पहिला 'छावा' (२०२५). त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तो आपण सगळ्यांनी बघितला आहे आणि भांडणंही करून झाली आहेत. विकी कौशलची मेहनत दिसते. पण पार्श्वसंगीत इतकं दणदणीत की आमच्या टीव्हीच्या स्पीकरची दया आली. आजी अर्ध्यात म्हणाली, "जरा हळू ओरडा म्हणावं, ऐकू येतंय मला." पुढे जाऊ.

दुसरा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. परेश मोकाशींचा २००९ चा, दादासाहेब फाळक्यांवरचा. हा इंजिनीअरिंगच्या प्रत्येक मुलाने बघायलाच पाहिजे, कारण तो खरं म्हणजे एका प्रोजेक्टचा पिक्चर आहे. छापखान्याचा धंदा सोडून बसलेला चाळिशीचा माणूस तंबूत एक सिनेमा बघतो आणि झपाटतो. १९१२ मध्ये लंडनला जातो, कॅमेरा घेऊन येतो, आणि आधी मोठी उडी न मारता ट्रायल घेतो. कुंडीत वाटाणा पेरून त्याचा वेल होईपर्यंत थोडं थोडं चित्रण! म्हणजे आधी प्रोटोटाइप, मग डेमो, मग फंडिंग. आपल्याकडे शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट रेडिमेड विकत आणून वर आपलं नाव चिकटवणारे ग्रुप आहेत (नावं सांगत नाही, त्यांना माहीत आहे), त्यांनी तर दोनदा बघावा.

मला हा पिक्चर आवडतो तो त्याच्या हसऱ्या चेहऱ्यामुळे. एवढी ओढाताण, पण कुठे रडारड नाही. फाळके घरातलं सामान विकतात तेसुद्धा मजेत. मी हसत होतो. आई हसली नाही. म्हणाली, "घरातलं सामान चाललंय आणि बाई हसतीये. अशी हसणारी मला एक दाखव."

आता इथे थोडी घरची गोष्ट सांगावी लागेल. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीच्या वेळी आईच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या होत्या. दोन वर्षांनी सुटून आल्या. तेव्हा आई रडली नव्हती, पण हसलीही नव्हती. मी तिला समजावत बसलो की अगं, हे विनोदी अंगाने मांडलंय, दिग्दर्शकाने मुद्दाम दुःख टाळलंय वगैरे. माझं मत अजूनही तेच आहे, तो हसरा सूर हीच त्या पिक्चरची ताकद आहे. पण आईच्या बोलण्यामुळे माझं लक्ष फाळक्यांवरून सरस्वतीबाईंकडे गेलं. त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची भोकंसुद्धा पाडलेली नसायची, ती घरीच पाडावी लागायची. ते काम सरस्वतीबाईंनी केलं, फिल्म धुवायला मदत केली, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्याची तारीख आपण जीकेला पाठ करतो. हे कुठल्या जीकेत नसतं. विभावरी देशपांडेने ती भूमिका फार छान केली आहे. आईचं म्हणणं एवढंच की तिचा एखादा वाईट दिवसही दाखवायला हवा होता. एक्स्टर्नलची ही क्वेरी मला तरी सोडवता आली नाही.

तिसरा 'श्वास'. २००४ चा, संदीप सावंत यांचा. 'श्यामची आई'नंतर इतक्या वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मराठीला मिळालं ते याच्यामुळे. शाळेत कधीतरी दाखवला होता, तेव्हा सगळ्यांनी रडायचं असतं म्हणून आम्हीही डोळे पुसले होते. कोकणातला छोटा परशुराम, त्याच्या डोळ्याला कॅन्सर, ऑपरेशन केलं तर जीव वाचणार पण दृष्टी जाणार, आणि त्याला घेऊन शहरातल्या हॉस्पिटलात आलेले आजोबा. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. 'रडवणारा पिक्चर' असा शिक्का मारून आपण तो बाजूला ठेवतो.

आजीबरोबर बघताना कळलं की खरा पेच आजाराचा नाहीच. पेच आहे सांगण्याचा. ऑपरेशनच्या आधी पेशंटला सांगितलंच पाहिजे असा डॉक्टर साने यांचा आग्रह. आणि पेशंट कोण, तर एवढासा पोरगा. त्याला कोणी आणि कसं सांगायचं, याच्यावर अख्खा पिक्चर उभा आहे. ऑपरेशन लांबतं तेव्हा आजोबा नातवाला गुपचूप हॉस्पिटलातून बाहेर नेतात, दृष्टी आहे तोवर एक दिवस काय काय बघून घे म्हणून. डॉक्टर भडकतात, ते त्यांच्या जागी बरोबरच. आजोबाही बरोबर.

पिक्चर संपल्यावर आमच्याकडे कोणी रडलं नाही. आजी म्हणाली, "तेवढ्याशा पोराला सांगितलं बघ. आमच्या ह्यांना कुणी सांगितलं?"

माझ्या आजोबांना घशाचा कॅन्सर होता. २०१९ ची गोष्ट. त्यांना शेवटपर्यंत 'गाठ आहे, औषधानं विरघळेल' एवढंच सांगितलं होतं. तो निर्णय बाबांचा. बाबा जरा वेळाने म्हणाले, "सांगून काय झालं असतं?" त्यावर आजी म्हणाली, "पंढरपूरला बहिणीकडं जायचं होतं त्यांना. बरं वाटल्यावर जाऊ म्हणत राहिले."

सहा वर्षांत हा विषय आमच्या घरात एकदाही निघाला नव्हता. माझं मत विचाराल तर मी आजीच्या बाजूने आहे. ज्याचा आजार त्याला कळलं पाहिजे. पण बाबांचं तोंड बघून ते मी तिथे बोललो नाही, इथे लिहितोय. दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःहून पंढरपूरच्या आत्याआजीला फोन लावून आजीकडे दिला. असो.

चौथा 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा, २०१४ ला व्हेनिसला बक्षीस मिळालेला आणि पुढच्या वर्षी आपल्याकडे रिलीज झालेला. माझ्या रूम पार्टनरने हा वीस मिनिटांत बंद केला होता, "कॅमेरा हलतच नाही" म्हणून. खरं आहे, हलत नाही. एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर (वीरा साथीदार, २०२१ मध्ये गेले) खटला भरतात. आरोप असा की त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. पुढे तारखा, तारखा आणि तारखा.

माझे बाबा आमच्या तालुक्याच्या कोर्टाबाहेर टायपिंग करतात. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, मुखत्यारपत्रं. पूर्वी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे, टेबल आणि लिंबाचं झाड तेच. मला धाकधूक होती की बाबा झोपतील. बाबा तर खुर्ची पुढे ओढून बसले! आम्ही वकिलांकडे बघत होतो, बाबा बघत होते न्यायाधीशांच्या टायपिस्टकडे. साक्षीदार काहीतरी लांबलचक सांगतो, मग न्यायाधीश त्यातलं नेमकं करून टायपिस्टला मजकूर सांगतात. बाबा म्हणाले, "बघ, रेकॉर्डला काय जातं? माणूस बोलला ते नाही, साहेबांनी सांगितलं ते." मी हे वाक्य कुठल्याच परीक्षणात वाचलेलं नाही. आणि एकदा ते कळलं की मग कॅमेरा का हलत नाही तेही कळतं. तोसुद्धा बाकावर बसलेला कोणीतरी आहे, नंबर यायची वाट बघत.

बाबा काही ठिकाणी चक्क हसले. बिनबाह्यांचा ड्रेस घातला म्हणून न्यायाधीश एका बाईची केस त्या दिवशी ऐकत नाहीत तिथे हसले. सरकारी वकीलबाई (गीतांजली कुलकर्णी, काय काम केलंय!) इंग्रजीत कलमामागून कलमं वाचत सुटतात तिथे आजी म्हणाली, "काय म्हणती ती?" बाबा म्हणाले, "काही नाही, वाचतीये नुसती." शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, कर्मचारी दिवे बंद करतात, पडदा काळा होतो. मला वाटलं संपला. नाही, पुढे न्यायाधीश सहकुटुंब रिसॉर्टवर. बाबा एवढंच म्हणाले, "सुट्टी त्यांना. मे महिन्यात आमच्या टेबलाकडं कुत्रं फिरकत नाही."

या पिक्चरमध्ये एक साक्ष आहे, त्या मेलेल्या कामगाराच्या बायकोची. ती सांगते की खाली उतरताना त्याच्याकडे साधनं कसलीच नसायची. वास सहन व्हावा म्हणून तो दारू प्यायचा. आणि आत हवा आहे की नाही हे कशावरून ओळखायचा, तर झुरळं बाहेर आली की नाही त्यावरून. माणसाला मॅनहोलमध्ये असं उतरवायला बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. आपल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या लॅबमध्ये गॅस सेन्सर आर्डिनोला जोडून बझर वाजवायचं प्रॅक्टिकल दर वर्षी होतं. जर्नलमध्ये 'उपयोग' या मथळ्याखाली आपण 'औद्योगिक सुरक्षा' असं दोन शब्द लिहितो आणि सही घेतो. मीही तेच लिहिलं आहे, तुम्हीही लिहिलं असेल. बायको झुरळांबद्दल सांगते तेव्हा तिचा आवाज जराही चढत नाही. दीडपट स्पीडवर ते ऐकू येत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

आता मूळ मुद्दा. बाबा नसते तर मला 'कोर्ट' अर्धाच कळला असता, आणि आजी नसती तर 'श्वास' पुन्हा नुसता रडका पिक्चर राहिला असता. म्हणजे पिक्चरमधलं आयुष्य ज्याने जवळून बघितलंय असं एक तरी माणूस शेजारी हवं. आणि अशी माणसं हॉस्टेलवर जेवढी आहेत तेवढी कुठल्या थिएटरात नसतील! नुसती माझी विंग घ्या. एकाचे वडील ऊसतोडीचे मुकादम, एकाची आई अंगणवाडी सेविका, एकाचं घर वसईचं, मासेमारीतलं, एकाचे वडील तीस वर्षं एसटीत. मेसचे काका आणि मावशी वेगळेच. पण आपण सगळे हेडफोन लावून वीस खोल्यांत वीस पिक्चर बघतो.

कॉमन रूममध्ये टीव्ही आहे. तो क्रिकेटच्या मॅचला उघडतो आणि एरवी त्याची किल्ली वॉचमनकाकांच्या खिशात असते. रेक्टर सरांना या लेखातूनच विनंती आहे की महिन्यातला एक शनिवार, साडेदहाची वेळ थोडी ढिली करून, आम्हाला ती रूम द्यावी. सरांनीही यावं, मेसच्या लोकांनाही बोलावू. मोबाइल दाराशी टोपलीत. पॉज करायची परवानगी फक्त ज्याला काही सांगायचंय त्याला. गोंधळ होईल, मान्य आहे. पहिल्या शनिवारी निम्मे उठून जातील, तेही मान्य.

आम्ही पाच-सहा जणांनी एक कच्ची यादी केली आहे. 'कोर्ट' आहेच. 'वळू' आहे, 'फॅण्ड्री' आहे. मी त्यात 'गाभ्रीचा पाऊस' घातला. सतीश मनवर यांचा २००९ चा, विदर्भातल्या शेतकऱ्याचा. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर बायकोला धसका बसतो, आपला नवराही तसं काही करेल म्हणून ती मुलाला सतत त्याच्या मागे पाठवते. वाचायला भयंकर वाटतं, पण पिक्चर चक्क हसवतो.

खालच्या मजल्यावर आमचा एक यवतमाळचा मित्र आहे. मी त्याला उत्साहाने म्हटलं की हा लावू तेव्हा तू शेजारी बस, आम्हाला काही कळलं नाही तर सांग. तो म्हणाला, "मले नाही पाहाचा. घरी पाह्यला तेवढा पुरे." माझ्या वरच्या सगळ्या थिअरीला त्याने एका वाक्यात केटी लावली.

रात्री तो परत आमच्या खोलीवर आला. म्हणाला, लावायचा तर लावा, पण पॉज करून मला काही विचारायचं नाही. आणि आधी कोणीतरी बघून मला सांगा, शेवटी त्या माणसाचं काय होतं. मी त्याला सांगितलं. तो थोडा वेळ बसला, माझ्या डब्यातली आईची चकली खाल्ली आणि गेला. यादी कॉमन रूमच्या दारावर लावली आहे. त्या पिक्चरपुढची तारीख आम्ही कोरी ठेवली आहे, ती त्याने भरायची.