गोल्फमध्ये आधी गळती थांबवा

अलीकडे आमच्या व्यापारी मंडळींपैकी काहीजण गोल्फ खेळू लागले आहेत. कोणाला मोठ्या खरेदीदाराने रविवारी सकाळी बोलावले, कोणाला बँकेतल्या ओळखीने मैदान दाखवले, कोणाला डॉक्टरने चालायला सांगितले. कारण काहीही असो, चार तास मोकळ्या हवेत चालणे होते, चार माणसांशी बोलणे होते. त्यात गैर काही नाही. पण सहा महिने गेले की तक्रार एकच ऐकू येते, खेळ सुधारत नाही. त्यावर उपायही एकच केला जातो, नवी महागडी स्टिक विकत घेतली जाते. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. पंधरा दिवसांतून एकदा खेळणाऱ्या माणसाला आधी वहीची गरज आहे, स्टिकची नंतर.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मैदानावर 18 खड्डे असतात. प्रत्येक खड्ड्यात चेंडू किती फटक्यांत जावा याचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. बहुतेक मोठ्या मैदानांवर एकूण पार 72 च्या आसपास असतो. पारपेक्षा एक फटका जास्त लागला तर त्याला बोगी म्हणतात आणि दोन जास्त लागले तर डबल बोगी. ज्याचे फटके कमी, तो जिंकला.

आता हिशोब पाहा. प्रत्येक खड्ड्यावर एक फटका जास्त घेतला तरी 72 अधिक 18, म्हणजे 90 होतात. हौशी खेळाडूसाठी 90 ही इज्जतीची संख्या आहे. म्हणजे 90 साठी एकदाही पार करावा लागत नाही! समजा एका गृहस्थाचे 102 फटके झाले. त्यातल्या दहा खड्ड्यांवर त्याने बोगी केली, पाच खड्ड्यांवर डबल बोगी केली. इथवर 20 जास्त झाले. उरलेल्या तीन खड्ड्यांवर तीन, तीन आणि चार असे 10 गेले. हेच तीन खड्डे त्याने डबल बोगीवर रोखले असते तर एकूण 98 झाले असते. एकही नवा फटका न शिकता शंभरच्या आत! दुकानदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. वर्षभर बरा धंदा करून दोन उधाऱ्या बुडाल्या की नफा जातो, तसाच हा प्रकार आहे.

वहीत चार रकाने

आमची सूचना अशी आहे. पाच फेऱ्या खेळा आणि प्रत्येक फेरीनंतर चार रकाने भरा. पहिला, सुरुवातीच्या फटक्यात चेंडू हरवला, हद्दीबाहेर गेला किंवा पाण्यात पडला असे किती वेळा झाले. दुसरा, झाडीत किंवा वाळूच्या बंकरमध्ये अडकून किती फटके वाया गेले. तिसरा, ग्रीनच्या अगदी जवळ येऊन किती फटके फसले. चौथा, ग्रीनवर किती वेळा तीन पट लागले. पाच फेऱ्यांत गळती कुठे आहे ते आपोआप दिसते.

क्लबचा हँडिकॅप हे काम करत नाही. 2020 पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वात चांगल्या 8 फेऱ्यांची सरासरी धरतात. शिवाय एका खड्ड्यावर ठरावीक मर्यादेपलीकडचे फटके मोजतच नाहीत. स्पर्धेत सर्वांना बरोबरीने खेळता यावे म्हणून हे योग्यच आहे. पण आपले सर्वात वाईट खड्डे त्या आकड्यात झाकले जातात. ते फक्त आपल्या वहीत दिसतील.

गोल्फमध्ये जुनी समजूत अशी की सारी कमाई पटिंगमध्ये आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या व्यवसाय शिक्षण शाखेचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी असंख्य फटक्यांची नोंद तपासून 2014 साली पुस्तक लिहिले. चांगल्या आणि सामान्य खेळाडूतला फरक सुमारे दोन तृतीयांश 100 यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो, असे त्यांना आढळले. यार्ड म्हणजे आपला कापडाचा वार. म्हणून पटिंगवरच सारा वेळ घालवा असे आम्ही म्हणत नाही. लांब फटक्यालाच सारा जोर लावा असेही म्हणत नाही. सरासरी जगाची असते, गळती ज्याची त्याची असते.

गळती सापडल्यावर

पहिला रकाना भरलेला असेल तर ड्रायव्हर काही दिवस पिशवीत ठेवा. हद्दीबाहेर गेलेल्या चेंडूला दंडाचा एक फटका पडतो आणि पुन्हा मूळ जागेवरून मारावे लागते. म्हणजे तिसरा फटका मारताना आपण अजून तिथेच उभे! त्यापेक्षा लहान स्टिकने मारलेला, तीस-चाळीस वार कमी गेलेला पण मैदानात राहिलेला चेंडू कितीतरी स्वस्त पडतो.

दुसरा रकाना भरलेला असेल तर मागावरच्या कारागिराकडून शिका. ताण्याचा धागा तुटला की तो माग थांबवतो, गाठ मारतो आणि मग पुढे विणतो. थांबला नाही तर दोष वारांमागून वार पुढे जातो. झाडीत चेंडू गेला की दोन फांद्यांमधल्या फटीतून ग्रीन गाठण्याचा मोह होतो. तो आवरून चेंडू आडवा बाहेर काढावा. एक फटका जातो, पण चार वाचतात. बंकरमधून ग्रीनवर काढताना चेंडूला थेट न मारता त्याच्या साधारण दोन इंच मागे वाळूत स्टिक घालावी. वाळूच चेंडूला उचलून बाहेर टाकते. मात्र हात मध्येच थांबवू नये.

तिसऱ्या रकान्यासाठी उंच, सुंदर फटक्याचा नाद सोडा. ग्रीनच्या कडेपासून चेंडू जमिनीलगत सरपटत नेणे सोपे असते, आणि तो फसला तरी फार बिघडत नाही.

चौथ्या रकान्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. आठ फुटांवरून व्यावसायिक खेळाडूसुद्धा साधारण निम्म्याच वेळा चेंडू खड्ड्यात घालतात. मग आपण वीस फुटांवरून चुकलो तर स्वतःवर चिडण्यात अर्थ नाही. तीन पट बहुधा अंतर चुकल्याने लागतात, दिशा चुकल्याने कमी. लांबचा पट खड्ड्यापासून तीन फुटांत आणून ठेवायचा, एवढेच ध्येय असावे. आणि तीन फुटांच्या पटचा रियाझ घरातल्या सतरंजीवर रोज दहा मिनिटे करता येतो. त्याला मैदानाची फी पडत नाही.

खर्च कुठे करावा

नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त 14 स्टिक ठेवता येतात. कमीत कमी किती, याचा नियम नाही. सात-आठ जुन्या पण चांगल्या स्टिकवर शंभरच्या आत खेळता येते. नाचता येईना अंगण वाकडे, तशी आमच्या लोकांची सवय स्टिकला दोष देण्याची आहे. वाचलेला पैसा उस्तादावर खर्च करावा. पकड, उभे राहण्याची पद्धत आणि निशाणा या तिन्हींना ताकद लागत नाही, वय आड येत नाही, पण स्वतःचे स्वतःला दिसत नाही. त्यासाठी बघणारा जाणकार लागतो.

हा जाणकार पुष्कळदा साध्या घरातून आलेला असतो. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या पिशव्या उचलणारे अली शेर यांनी 1991 आणि 1993 साली इंडियन ओपन जिंकली. 2016 आणि 2017 ची इंडियन ओपन जिंकणारे एस. एस. पी. चौरसिया हे कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कामगाराचे चिरंजीव. हुनर कोणाच्या हातात आहे हे कपड्यांवरून कळत नाही. आपली पिशवी उचलणाऱ्या कॅडीला विचारा, त्याचे ऐका आणि त्याची मजुरी हात राखून देऊ नका.

खोटी वही

शेवटची गोष्ट सर्वात महत्त्वाची. या खेळात बहुतेक वेळा पंच बरोबर चालत नाही. आपला हिशोब आपणच लिहायचा असतो. मित्र म्हणतात, हा पट गेलाच समजा, चेंडू उचला. गवतात पायाने चेंडू सरकवणारेही आहेत. अमेरिकेचे बॉबी जोन्स हे हौशी खेळाडू होते. 1925 च्या अमेरिकन ओपनमध्ये गवतात चेंडू जरासा हलला, दुसऱ्या कोणाला तो दिसला नाही, तरी त्यांनी स्वतःवर दंडाचा फटका लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि जादा फेरीत ते हरले. तो एक फटका लिहिला नसता तर अजिंक्यपद त्यांचेच होते.

आपल्यासमोर अजिंक्यपद नसते. पण बरोबर चालणारा खरेदीदार सर्व पाहत असतो. जो माणूस सात फटक्यांचे सहा लिहितो, त्याच्या बिलातले मीटर तो पुन्हा मोजून घेईल. आणि खोट्या वहीतून गळतीही सापडत नाही, हा तोटा वेगळाच. म्हणून आमचे सांगणे एवढेच की पुढच्या पाच फेऱ्या खऱ्या लिहाव्यात. नवी स्टिक घ्यायची की नाही, ते त्यानंतर ठरवावे.