आपल्या वाड्यांवरील कामाचीं कुत्रीं

शेतकऱ्याच्या घरीं बैल घ्यावयाचा झाला म्हणजे त्याचे दांत, खूर, चाल आणि तो कोणाच्या दावणीचा, ह्या सर्व गोष्टींची चौकशी होते. म्हैस घेतांना तिची आई किती दूध देत होती, हेंहि विचारलें जातें. परंतु कुत्र्याचें पिलूं घरीं आणतांना त्याचा रंग बरा दिसतो कीं नाहीं, ह्यापलीकडे सहसा कोणी कांहीं विचारीत नाहीं. ज्या प्राण्याच्या भरंवशावर आपण रात्रीं निश्चिंत निजतों, त्याच्या आईबापांविषयीं आपण इतके उदासीन असावें, हें आम्हांस विलक्षण वाटतें. म्हणून कर्जत व खालापूर ह्या दोन तालुक्यांतील आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ह्या विषयावर चार शब्द मांडावे, असें आम्हीं योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, कामाचें कुत्रें कामानेंच टिकतें. त्याचें जुनें काम कायद्यानें बंद झालें असेल, तर त्याला नवें काम दिलें पाहिजे, आणि त्या नव्या कामाच्या कसोटीवरच त्याची पुढची पिढी निवडली पाहिजे.

प्रथम, कामाचें कुत्रें म्हणजे काय तें पाहूं. शिकारी कुत्र्यांत स्थूलमानानें दोन प्रकार आहेत. एक नाकानें माग काढणारा, व दुसरा डोळ्यांनीं सावज हेरून त्यामागें धांवणारा. ह्या दुसऱ्या प्रकारचें महाराष्ट्रांतील प्रसिद्ध कुत्रें म्हणजे कारवानी होय. सोलापूर, सांगली, लातूर, नांदेड अशा कोरड्या व मोकळ्या मुलखांत तें पिढ्यानुपिढ्या पाळलें गेलें. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, त्याचे पूर्वज वायव्येकडून आले, अशी समजूत आहे, आणि त्याच्या नांवाचा अर्थहि त्यावरूनच लावितात. लांब निमुळतें तोंड, खोल छाती, आंत ओढलेलें पोट, लांब पाय आणि अंगावर आंखूड केस, असें त्याचें रूप असतें. ज्यांच्या कानांवर व शेपटीवर रेशमासारखे लांब केस असतात, त्यांस पश्मी म्हणतात. कर्नाटकांतील मुधोळचें कुत्रेंहि ह्याच घराण्यांतलें.

असल्या धांवणाऱ्या कुत्र्याचा मेंढपाळाच्या कुत्र्याशीं किंवा टेरिअरशीं संकर करून इंग्लंडांतील खेडुतांनीं ‘लर्चर’ नांवाचें एक कामाचें कुत्रें तयार केलें. त्यांतील युक्ति अशी कीं, वेग एकाकडून घ्यावा आणि शहाणपण, काटकपणा व मजबूत पंजे दुसऱ्याकडून घ्यावे. लर्चर ही ठराविक रूपाची जात नव्हे. दोन लर्चर एकमेकांसारखे दिसतीलच असें नाहीं. त्यांची परीक्षा रूपावरून न होतां कामावरून होते.

आपल्याकडील मुलूख सोलापूर-लातूरासारखा नाहीं. माथेरान, राजमाची, ढाक व भीमाशंकर ह्यांच्या डोंगरांभोंवतीं पसरलेल्या ठाकूरवाड्या, कातकरीवाड्या व धनगरवाडे येथें चार महिने पावसाची झोड असते, आणि पुढें उंच गवत व दाट झाडी. येथें मध्यम बांध्याचें, काटक, भाताच्या पेजेवर व उरलेल्या भाकरीवर निभावणारें गावठी कुत्रेंच अधिक उपयोगी पडतें. शेळ्यांबरोबर रानांत जाणें, खळ्यावर व मळ्यावर राखण करणें, रात्रीं अनोळखी पावलाची चाहूल देणें, आणि पूर्वीं ससा किंवा डुक्कर उठविणें, हीं त्याचीं कामें. पावसाळा सरल्यावर घाट उतरून कोंकणांत येणारे धनगर खतासाठीं शेतांत मेंढ्या बसवितात. त्यांच्या वाड्याभोंवतींहि राखणीचीं कुत्रीं असतातच. घाटावरून आणलेल्या कारवान्याचें रक्त जेथें आपल्या गावठी कुत्र्यांत मिसळतें, तेथें नांव नसलेला आपला लर्चरच जन्मास येतो, असें म्हटल्यास चालेल.

आतां कायद्याकडे वळूं. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें रानांतील प्राण्यांच्या शिकारीवर कडक निर्बंध घातले. ह्या कायद्यांत शिकार ह्या शब्दाचा अर्थ व्यापक आहे. मारणें तर त्यांत येतेंच, पण पकडणें, फांस लावणें, मागें लागून पळविणें, हांकून आणणें आणि तसा नुसता प्रयत्न करणें, हेंहि त्यांत येतें. तेव्हां “ससा आम्हीं नव्हे, कुत्र्यानें धरला” हें उत्तर चालण्यासारखें नाहीं. हें बंधन आमच्या मतें योग्य आहे. ज्यांच्या वाडवडिलांनीं पोटासाठीं ससा धरला, त्यांस दोष देण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. रान उजाड झालें तें त्यांच्या सशानें नव्हे. परंतु रान आतां पूर्वींचें राहिलेलें नाहीं. कारखाने झाले, डोंगरांच्या पायथ्याशीं बंगले उठले, आणि २००२ सालीं पूर्ण सुरू झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग खालापुरांतून गेला. उरल्यासुरल्या रानांत जें थोडें जनावर आहे, तें आपल्या नातवंडांस दिसावें अशी इच्छा असेल, तर त्याच्या मागें कुत्रीं सोडून चालणार नाहीं.

हा प्रसंग आपल्यावरच आला आहे असेंहि नव्हे. इंग्लंड व वेल्समध्यें २००४ सालच्या कायद्यानें कुत्र्यांकरवीं सशाची म्हणजे ‘हेअर’ची शिकार बंद केली, आणि २००५ च्या फेब्रुवारींत तो कायदा अंमलांत आला. उंदीर व बिळांत राहणारे छोटे ससे ह्यांपुरतीच तेथें कांहीं अटींवर मोकळीक राहिली. लर्चरचें मुख्य काम गेलें; मग लर्चर कशासाठीं, हा प्रश्न तेथेंहि उभा राहिला. काम गेलेल्या कुत्र्याचें पुढें काय करावयाचें, हा प्रश्न म्हणूनच मोठा आहे.

ह्यावर दोन उपाय सुचविले जातात. पहिला असा कीं, जातीला नांव व किंमत मिळवून द्यावी. ह्या बाबतींत मुधोळचें उदाहरण बोलकें आहे. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनीं ह्या कुत्र्यांस आश्रय दिला. पुढें २००५ सालीं मुधोळच्या कुत्र्याचें चित्र टपालाच्या तिकिटावर आलें. मुधोळजवळ तिम्मापूर येथें बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचें श्वानसंशोधन केंद्र निघालें. २०१६ सालीं भारतीय सैन्यानें मेरठच्या आपल्या केंद्रांत ह्या कुत्र्यांस शिकविण्यास आरंभ केला. ही सर्व प्रगति अभिमानास्पद आहे. परंतु त्यांतील खरा धडा कोणता? आमच्या मतें, तिकिटापेक्षां सैन्यानें दिलेलें काम अधिक मोलाचें. नांव झालें कीं भाव चढतो, आणि भाव चढला कीं पिलें कामासाठीं नव्हे तर उंचीसाठीं व रंगासाठीं काढलीं जातात. मग चार घरांतल्याच कुत्र्यांची आपसांत पैदास होते, आणि दोन-चार पिढ्यांत दिसावयास देखणें पण अंगानें दुबळें कुत्रें हातीं येतें.

दुसरा उपाय म्हणजे कांहींच न करणें. गावठी कुत्रें आपोआप टिकतें, असें म्हणून स्वस्थ बसणें. तें पूर्वीं टिकलें हें खरें, कारण निरुपयोगी कुत्र्यास कोणी पोसत नसे आणि चांगल्या कुत्रीचीं पिलें शेजारी मागून नेत. आज ती निवड थांबली आहे. शिवाय शहरांतून सुटीपुरत्या येणाऱ्या मंडळींबरोबर थंड मुलखांतील केसाळ कुत्रींहि आपल्या भागांत येऊं लागलीं आहेत. हौस फिटल्यावर त्यांतील कांहीं रस्त्यावर येतात, आणि त्यांची संतति वाडीवरील कुत्र्यांत मिसळते. ज्या कुत्र्याला आपला उन्हाळाच सोसत नाहीं, त्याचें रक्त शेळ्यांमागें हिंडणाऱ्या कुत्र्यांत मिसळून काय साधणार? संकर वाईट नव्हे. हेतूवांचून झालेला संकर वाईट.

तर मग नवें काम कोणतें? तें शोधण्यास दूर जावयास नको. शेळ्यामेंढ्यांची व कोंबड्यांची राखण, भाजीच्या मळ्याची व भाताच्या खळ्याची राखण, आणि घराची राखण, हीं कामें संपलेलीं नाहींत. मात्र त्यांसाठीं लागणारा स्वभाव शिकारीच्या स्वभावाहून निराळा आहे. शिकारीच्या कुत्र्यानें पळणारें जनावर दिसतांच झेप घ्यावी लागते. राखणीच्या कुत्र्यानें आपल्या कळपापाशीं उभें राहून भुंकावें लागतें. हा गुण कांहीं रक्तांतून व कांहीं संवयीनें येतो. म्हणून पिलूं लहान असतांनाच शेळ्यांच्या गोठ्याजवळ वाढवावें, करडांशीं त्याची ओळख करून द्यावी, आणि हांक मारतांच परत येण्याची संवय त्याला प्रथम लावावी. हांकेला न येणारें कुत्रें कितीहि वेगवान् असलें, तरी तें रानाला व मालकाला दोघांनाहि धोक्याचें. मळ्यांत डुक्कर आल्यास कुत्र्यानें बांधावरून भुंकून मालकास जागें करावें. रानांत त्याचा पाठलाग करूं नये. आणि बिबट्याशीं झुंजण्याची अपेक्षा तर कोणीच धरूं नये. बिबट्याला कुत्रें हें सोपें भक्ष्य आहे, म्हणून जेथें त्याचा वावर असेल तेथें रात्रीं कुत्र्यास अंगणांत बांधून न ठेवतां गोठ्यांत किंवा पडवींत बंद करावें.

पैदाशीसंबंधीं २०१७ सालीं केंद्र सरकारनें पैदास करणाऱ्यांसाठीं जे नियम केले, त्यांतील तीन गोष्टी वाडीवरील घरानेंहि लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. कुत्री अठरा महिन्यांची होईपर्यंत तिला फळूं देऊं नये. वर्षांत एकाहून अधिक वेत घेऊं नये. आणि आठ आठवड्यांच्या आंत पिलूं आईपासून तोडूं नये. ह्यांत आम्ही आणखी दोन गोष्टींची भर घालतों. भावाबहिणींची किंवा बापलेकींची पैदास टाळावी. नर दुसऱ्या वाडीवरचा, पण कामांत पारखलेला असावा. आणि जितक्या पिलांस घर मिळण्याची खात्री असेल, तितक्यांचाच विचार करावा. ज्या कुत्रीचें वेत नको असेल, तिची शस्त्रक्रिया करून घ्यावी. पिलें पोत्यांत घालून बाजारापाशीं सोडून येणें ही निर्दयता तर आहेच, पण भटक्या कुत्र्यांची आपण जी तक्रार करितों, तिचें मूळहि त्यांतच आहे.

कोणी म्हणतील कीं, माणसांस औषध मिळण्याची मारामार, तेथें कुत्र्याची एवढी निगा कोठून राखावी? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. पावसाळ्यांत ज्या वाडीचा रस्ताच बंद होतो, तेथील पालकांना हें बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु कुत्र्याची निगा ही माणसाच्याच रक्षणाची बाब आहे. पिसाळ रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे रोगी बहुधा वांचत नाहीं, आणि आपल्या देशांत हा रोग मुख्यतः कुत्र्याच्या चाव्यानेंच होतो. तीन महिन्यांच्या पिलास लस टोंचावी व दरवर्षीं ती पुन्हां टोंचून घ्यावी, ह्यासाठीं गुरांच्या दवाखान्यांत एक खेप पुरते. आणि मुलांनो, तुम्हीं हें पाठच करून ठेवा: कुत्रें चावल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, हळद-चुना कांहीं लावूं नये, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. घरीं मार मिळेल ह्या भीतीनें चावा लपविणें हें जिवावर बेतणारें आहे. पालकांनींहि असा मार देऊं नये.

कर्नाटकांत आतकूर येथें इसवी सन ९५० च्या सुमाराचा एक वीरगळ सांपडला आहे. मनलेर नांवाच्या योद्ध्यानें लढाईतील पराक्रमाबद्दल आपल्या राजापाशीं बक्षीस म्हणून ‘काळी’ नांवाचें कुत्रें मागून घेतलें. तें कुत्रें पुढें रानडुकराशीं झुंजतांना मेलें, म्हणून त्याच्या स्मरणार्थ हा दगड उभारला गेला. एक हजार वर्षें लोटलीं तरी त्या कुत्र्याचें नांव व काम आपणांस ठाऊक आहे. आणि आपल्याच अंगणांतील कुत्रीची आई कोण, हें मात्र आपणांस सांगतां येत नाहीं.

दगड कोरण्याची आज गरज नाहीं; दोन आण्यांची म्हणत असत तशी एक साधी वही पुरे. आमच्या विद्यार्थ्यांस लिहितां येतें, आणि वाडीवरील पुष्कळ वडील मंडळींस येत नाहीं. तेव्हां हें काम विद्यार्थ्यांचेंच. येत्या सुटींत आपल्या वाडीवरील प्रत्येक कामाच्या कुत्र्याचें एक पान करावें. त्यावर त्याचें नांव, अंदाजें वय, आई व बाप कोण, लस केव्हां टोंचली, तें कोणतें काम चांगलें करितें व कोणत्या बाबतींत कमी पडतें, हें लिहावें. जुन्या कुत्र्यांची माहिती आजोबांना व आजींना विचारून घ्यावी; त्यांच्याजवळ ती भरपूर आहे. पालकांनीं मुलांस ह्या कामीं उत्तेजन द्यावें, व पुढचें पिलूं घेण्यापूर्वीं ती वही एकवार उघडून पाहावी, एवढीच आमची विनंति आहे.