विश्लेषण : जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरची भुरळ ओसरत का नाही?

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातील बाराशेहून अधिक शस्त्र परवान्यांची चर्चा राज्यभर झाली. गेवराईपासून परळीपर्यंत कमरेला शस्त्र लावणे प्रतिष्ठेचे का वाटते, हा प्रश्न ऐरणीवर आला.

बनावट किती जुनी?
कानपूरच्या सरकारी कारखान्यातील ०.३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा आराखडा ब्रिटिश ‘वेब्ली’वर बेतलेला आहे. पहिले वेब्ली ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारले होते.

मागणी का टिकली?
९ मिमी पिस्तुलाचा परवाना सामान्य नागरिकाला मिळत नाही, ०.३२चा मिळतो. शिवाय रचना सोपी. फिरत्या चक्रीत सहा काडतुसे. एखादे फुसके निघाले, तर पुन्हा चाप ओढताच पुढचे समोर येते. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिले तरी मॅगझिनच्या स्प्रिंगची काळजी नाही.

मग खटकते काय?
कपाटात राहूनही भरवशाचे, हाच ज्याचा गुण, ते शस्त्र वरातीत मिरवले जाते. २०१६च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी ते झाकूनच न्यावे लागते. २०१९च्या दुरुस्तीनुसार, आनंदाच्या भरातील गोळीबाराने कुणाचा जीव धोक्यात आल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आडरानातल्या वस्तीवरील शेतकऱ्याची भीती खरी असू शकते. तिची शहानिशा परवाना देताना आणि प्रत्येक नूतनीकरणावेळी व्हावी. शस्त्र केवळ दाखवायला हवे असेल, तर परवाना नाकारणेच योग्य.