हृद्-श्वसन भौतिकोपचाराचे शिक्षण रुग्णशय्येपाशी मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व संलग्न रुग्णालय

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे भौतिकोपचार अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी व आंतरवासी सविनय निवेदन सादर करतो ते येणेप्रमाणे.

१८१६ साली पॅरिस येथे लाएनेक या वैद्याने कागदाची सुरळी रुग्णेच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले, तेव्हापासून छातीचे परीक्षण ही कानाने कमावण्याची विद्या ठरली आहे. वर्गात आम्हांस ध्वनिमुद्रित आवाज ऐकविले जातात. परंतु धाप लागलेल्या, कूसही बदलू न शकणाऱ्या रुग्णाच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला असता कफाची घरघर कोणती, आकुंचित श्वासनलिकेची शीळ कोणती, आणि हवाच पोहोचत नसल्यामुळे आलेली शांतता कोणती, याचा निवाडा पाठांतराने होत नाही. ही शांतता ओळखता न येणे आम्हांस सर्वांत भयावह वाटते.

उरोस्थी छेदून बायपास शस्त्रक्रिया झालेला रुग्ण वेदनेच्या भयाने खोकत नाही. कफ साचतो आणि फुफ्फुसाचा तळ मिटू लागतो. त्याच्या छातीशी उशी धरवून, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडावी तसा उघड्या कंठाने, पण जोरकस उच्छ्वास त्याच्याकडून करवून घेणे, आणि तदनंतर पुन्हा छाती ऐकून उपचाराचा गुण आला की नाही हे ठरविणे, हे आम्ही पुस्तकात वाचले आहे. स्वहस्ते करण्याचा प्रसंग क्वचितच येतो. अतिदक्षता विभागातील आमची हजेरी बहुधा फेरीच्या मागे उभे राहण्यात व नोंदवह्या भरण्यात खर्ची पडते.

सबब अतिदक्षता, हृदयशल्य व क्षयरोग विभागांत लहान तुकड्यांनी, अनुभवी भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या संमतीने आम्हांस काम द्यावे. विद्यार्थ्याने प्रथम स्वतः तपासावे, आपला निष्कर्ष लिहावा, मग अध्यापकांनी फेरतपासणी करावी, अशी पद्धत घालून द्यावी. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णाचा कफ नळीने ओढण्याचा सराव आधी प्रतिकृतीवर व्हावा, कारण तेथील चूक रुग्णास भोगावी लागते. सहा मिनिटांच्या चाल-चाचणीस ३० मीटरांची सरळ वाट लागते. ती जुन्या खाटांनी अडली आहे, ती मोकळी करवून तेथे प्राणवायूची तजवीज असावी. क्षय बरा होऊनही दम न पुरणारे खेड्यापाड्यांतील रुग्ण याच चाचणीवर अवलंबून असतात.

याविषयीचा लेखी हुकूम पुढील विभागीय आवर्तनापूर्वी व्हावा, ही विनंती.

आपले विनीत,
विद्यार्थी व आंतरवासी, भौतिकोपचार विभाग