घरातला निरोप आणि परक्याचे दार

इंटरकॉम ही वस्तू क्षुल्लक. तिच्याविषयी इतक्या गांभीर्याने काय लिहायचे, असे कोणी म्हणेल. गृहसंस्थेच्या दारावरील रखवालदाराने चौथ्या मजल्यावर फोन करून ‘पाहुणे आले आहेत, वर पाठवू का?’ असे विचारावे, कारखान्यातील पर्यवेक्षकाने भट्टीवरच्या कामगाराला सूचना द्यावी, रुग्णालयातील परिचारिकेने रक्तपेढीला हाक द्यावी, एवढेच त्या यंत्राचे काम. परंतु त्या साध्या यंत्रात एक फार मोठे तत्त्व दडलेले आहे. एका छपराखालचा निरोप त्या छपराखालीच राहतो. तार आपली, एक्स्चेंज आपले, बॅटरीही आपली. बाहेरच्या कोणाचीही अनुमती न घेता आपल्या माणसाशी बोलता येणे, हे ते तत्त्व. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपण ते कसलीही चर्चा न करता सोडून दिले आहे.

आज काय दिसते? रखवालदाराच्या हाती मोबाइल आला आहे. पाहुण्याचे नाव, क्रमांक आणि छायाचित्र कुठल्याशा कंपनीच्या संगणकात जाते आणि तेथून वळसा घालून चौथ्या मजल्यावर पोहोचते. कार्यालयातील आदेश, शाळेच्या सूचना, ग्रामपंचायतीच्या बैठकीचे निरोप, सारे काही एका अमेरिकी कंपनीच्या व्हॉट्सॲपवर चालते. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला पाठवलेला निरोपही त्याच वाटेने जातो. हे संदेश कूटबद्ध असतात, कंपनीलाही ते वाचता येत नाहीत, असा खुलासा केला जातो. मान्य! पण कोणी वाचते आहे का, एवढाच प्रश्न नाही. उद्या कोणी ही वाट बंद केली, तर आपण काय करणार, हा खरा प्रश्न आहे.

हा केवळ कल्पनेचा खेळ आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी २०२५ च्या जुलैमध्ये काय घडले ते आठवावे. गुजरातमधील वाडिनार येथे नायरा एनर्जीचा तेलशुद्धीकरण प्रकल्प आहे. वर्षाला २ कोटी टन क्षमतेचा, देशातील अग्रगण्य प्रकल्पांपैकी एक. रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीचा तिच्यात ४९ टक्क्यांहून थोडा अधिक वाटा आहे, म्हणून युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या कर्मचाऱ्यांचे ईमेल आणि ‘टीम्स’ या सेवा रोखल्या. भारत सरकारने बंदी घातली नव्हती, भारतीय न्यायालयाचा आदेश नव्हता, शुल्कही भरलेले होते, असे कंपनीचे म्हणणे. तरीही भारताच्या भूमीवर काम करणाऱ्या भारतीय कर्मचाऱ्यांचा परस्परांतील संवाद, ब्रुसेल्समध्ये झालेल्या एका निर्णयाने खंडित झाला! कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा त्याच महिन्यात सेवा पूर्ववत झाली. आपल्याच माणसांशी बोलण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागणे, याहून मोठे परावलंबन कोणते?

आणि सर्व सूत्रे ज्यांच्या हाती आहेत, ते तरी सुरक्षित आहेत काय? ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले. त्यात त्या कंपनीची स्वतःची अंतर्गत साधनेही ठप्प झाली. बिघाड दुरुस्त करणाऱ्यांनाच एकमेकांशी संपर्क साधणे कठीण झाले. बाहेरची वाट आणि घरातली वाट एकच ठेवली की असे होते.

लेबनॉनने तर याहून भीषण धडा दिला. १७ सप्टेंबर २०२४ रोजी हिजबुल्लाच्या लोकांच्या हातांतील पेजर आणि दुसऱ्याच दिवशी वॉकीटॉकी फुटले. त्या संघटनेविषयी कोणाला सहानुभूती असण्याचे कारण नाही. पण ज्या यंत्राच्या पोटात काय आहे हे आपल्याला ठाऊक नाही, ते यंत्र पैसे मोजून घेतले म्हणून आपले होत नाही, हा धडा सर्वांसाठी आहे.

‘मग मोबाइल फेकून कबुतरे पाळायची काय?’ असा उपहास ठरलेला असतो. मोबाइल जरूर वापरावा. पण सोय आणि आधार यांतील भेद ओळखावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईकरांच्या हातांत मोबाइल होते. पण वीज गेली, मोबाइल यंत्रणा कोलमडली आणि लाखो घरांत रात्रभर घोर लागून राहिला. जुन्या दूरध्वनीला एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून तांब्याच्या तारेवाटे वीज मिळे. घरातील दिवे गेले तरी तो बोलत राही. आजच्या फायबरच्या पेटीला घरची वीज लागते. हा बदल ग्राहकाला किती जणांनी समजावून सांगितला?

ज्यांना जबाबदारीचे भान आहे, ते आजही असा आंधळा विश्वास टाकत नाहीत. रेल्वेच्या फाटकावरील गेटमन आणि स्टेशन मास्तर यांच्यासाठी रेल्वेचा स्वतःचा फोन असतो. नुसते ‘फाटक बंद केले’ म्हणून भागत नाही. गुप्त क्रमांकाची देवाणघेवाण होऊन त्याची नोंद व्हावी लागते. जेथे जिवाशी गाठ आहे, तेथे वाट स्वतःची आणि शिस्त कडक असावी लागते.

महाराष्ट्राला हे परक्याकडून शिकण्याची आवश्यकता नाही. १६६० मध्ये बाजीप्रभूंनी खिंड लढवली, ती विशाळगडावरील तोफांच्या इशारतीची वाट पाहत, असे परंपरा सांगते. इशारत आधी ठरलेली, तोफ आपली, गड आपला. त्या संकेतासाठी विजापूरच्या दरबाराची परवानगी लागत नव्हती!

आपल्याकडे कर्तृत्वाची वाण आहे, असेही नाही. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटच्या तरुण अभियंत्यांनी खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे एक्स्चेंज घडवले. आपली धूळ आणि आपला उन्हाळा वातानुकूलनाविना सोसणारे ते यंत्र १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी ४-जी यंत्रणेचे लोकार्पण झाले. राष्ट्राने जे साध्य केले, ते आपली गृहसंस्था, कारखाना आणि शाळा यांना अशक्य आहे काय? उणीव आहे ती इच्छाशक्तीची आणि ‘फुकट मिळते ना, मग चालू द्या’ या वृत्तीची.

म्हणून आग्रह तीन गोष्टींचा. प्रत्येक मोठी इमारत, रुग्णालय, शाळा आणि कारखाना यांनी इंटरनेटविना चालणारी, स्वतःच्या बॅटरीवरील अंतर्गत जोडणी राखावी. नवे ॲप आले म्हणून जुन्या तारा भंगारात काढू नयेत. यंत्र घेताना केवळ भारतीय नावाची पट्टी पाहून समाधान मानू नये. आतील भाग कोठले आणि माहिती कोठे साठते, हे लेखी विचारावे. आणि महिन्यातून एकदा मोबाइल बाजूला ठेवून त्या जोडणीची चाचणी घ्यावी; कारण न वापरलेले साधन ऐन वेळी दगा देते.

पुढच्या सर्वसाधारण सभेत रंगरंगोटी आणि वाहनतळावरून तासन् तास वाद होतील. त्यातील दहा मिनिटे या प्रश्नाला द्या. आपले सहाशे माणसांचे संकुल वीज आणि इंटरनेट यांविना एका रात्री परस्परांना हाक मारू शकेल काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर दारावरची नवी यंत्रणा कितीही आधुनिक असो, त्या दाराची किल्ली आपल्या हाती नाही.