सैनिकांच्या निधीतून बाळंतपणाचा भत्ता

स्वित्झर्लंडच्या लोकशाहीचे गोडवे गाणाऱ्यांनी तेथील कामगार स्त्रीच्या बाळंतपणाचा इतिहास एकदा तपासावा. १८७७ च्या कारखाना कायद्याने प्रसूतीच्या आधी व नंतर मिळून आठ आठवडे तिला कामावर येण्यास मनाई केली. त्या आठवड्यांच्या बुडालेल्या मजुरीविषयी मात्र कायद्याने मौन पाळले. संरक्षण होते, पण उपाशीपोटी!

दुसऱ्या महायुद्धात सीमेवर गेलेल्या पुरुषांची मजुरी बुडू नये म्हणून १९४० साली भरपाई निधी उभा राहिला. नोकरदार स्त्रियांच्या पगारातूनही त्याची वर्गणी कापली जाऊ लागली. सक्तीची लष्करी सेवा पुरुषांना, म्हणून भरपाईही जवळजवळ सारी पुरुषांना. शस्त्र धरणारा तोच खरा नागरिक, ही कल्पना केवळ भाषणांत नव्हती. ती पगारपत्रकावर छापलेली होती.

१९४५ साली मातृत्व विम्याचे कलम संविधानात आले. कायदा आला नाही. १९५९ च्या सार्वमतात पुरुषांनी स्त्रियांचा मताधिकार फेटाळला. तो मिळाला १९७१ मध्ये. आपेन्झेल इनरऱ्होडन या कँटनवर तर १९९० साली सर्वोच्च न्यायालयाला सक्ती करावी लागली.

मग मतपेटीने प्रश्न सुटला काय? मातृत्वाच्या संरक्षणाचे प्रस्ताव १९८४, १९८७ आणि १९९९ मध्ये सार्वमतात पडले, आणि तेव्हा स्त्रियाही मतदार होत्या, हे कबूल केले पाहिजे. मालकांच्या प्रचाराची ताकद कमी लेखून चालणार नाही. दरम्यान १४ जून १९९१ रोजी सुमारे पाच लाख स्त्रिया संपात उतरल्या. ती कल्पना घड्याळ उद्योगातील कामगार स्त्रियांमधून पुढे आली होती. अखेर १ जुलै २००५ पासून चौदा आठवडे, ८० टक्के पगार. पैसा कोठून? त्याच सैनिकांच्या निधीतून! अनेक वर्षे वर्गणी भरणाऱ्यांना त्यांचाच पैसा उपकार म्हणून परत मिळाला.

सप्टेंबर २०२२ च्या सार्वमतात स्त्रियांचे निवृत्तिवय ६४ वरून ६५ करण्यास अवघ्या ५०.५ टक्क्यांनी मान्यता मिळाली. कारण दिले गेले समानतेचे. अर्धवेळ कामामुळे व्यावसायिक निवृत्तिवेतनात मागे राहिलेल्या स्त्रियांचा कौल मोठ्या प्रमाणात विरोधी होता.

निदान त्यांना कौल देता आला. देशातील सुमारे चौथा हिस्सा रहिवासी परदेशी नागरिक आहेत. त्यांतील सफाई करणारी, रुग्णांची सेवा करणारी स्त्री याच विम्यांची वर्गणी दरमहा भरते. संघीय सार्वमतात तिला मत नाही.